खाणीच्या कोपऱ्यातली पितळी पट्टी

१

चोराने चांदी नेली असती तर हॅरोथॉर्पमध्ये कुणाला फारसं नवल वाटलं नसतं. पण शुक्रवारी सकाळी क्लबच्या हॉलमधल्या काचेच्या पेटीत कुठल्याशा कप्तानाची चांदीची बक्कल जागच्या जागी होती, दोन सोन्याची नाणी जागच्या जागी होती, आणि नाहीशी झाली होती ती बोटभर लांबीची, मधे लांब फट असलेली, हिरवट पडलेली पितळेची पट्टी. भंगारवाल्याने तिचे दहा पेन्ससुद्धा दिले नसते.

"एनिडबाई, तुम्ही आधी खाली बसा," असं म्हणून हेडली ब्रूम स्वतःच मटकन बसला.

एनिड स्पिंक्स बसल्या नाहीत. अडुसष्टाव्या वर्षीही त्यांना उभ्यानेच विचार सुचायचा. तीस वर्षं त्यांनी नॉरिचच्या छावणीत फौजेचे कोट शिवले होते, त्यामुळे गावच्या मेटल डिटेक्टर क्लबातली मंडळी शेतातून काढलेलं जे काही ओळखू येत नसे ते त्यांच्यापुढे आणून टाकत. बाई अंगठ्याने माती पुसायच्या आणि निकाल द्यायच्या. "हे घोडदळाच्या लगामाचं. हे तोफखान्याचं. आणि हे, बाळा, तुझ्या आजीच्या कपाटाचं हँडल आहे."

ही पट्टीही त्यांनीच ओळखली होती. क्लबातला पर्सी थर्टल गेल्या रविवारी ऑब्री मॅकच्या शेतात, खाणीचा कोपरा म्हणतात तिथे यंत्र फिरवत होता. एकाच जागी त्याला पलटणीचा बिल्ला, पाच मोठी बटणं, सहा लहान बटणं आणि ही पट्टी सापडली. "बाकी एक शिंगराची नाल, बस," असं त्याने गुरुवारच्या बैठकीत सांगितलं. त्या संध्याकाळी टीव्हीवर फुटबॉल होता, म्हणून बैठकीला चारच डोकी आली होती. क्लबचा सेक्रेटरी हेडली, पर्सी, जमिनीचा मालक ऑब्री आणि एनिडबाई.

"ही बटणं घासायची पट्टी," बाईंनी दिव्याखाली धरून सांगितलं होतं. "शिपाई ही फट बटणांमागे सरकवायचा, म्हणजे पॉलिश कोटाला लागायचं नाही. आणि दुसऱ्याने ढापू नये म्हणून प्रत्येक जण तिच्यावर आपला पलटणीतला नंबर ठोकायचा. इथे आकडे आहेत. तेल लावून पेटीत ठेवते. परवा सकाळी थर सुटला की कुणाची ते वाचून दाखवते."

 कुणाची असेल हे चौघांच्याही मनात आलं होतं.

एकाहत्तर वर्षांपूर्वी, पहिल्या महायुद्धात, एकोणीसशे सतरा सालच्या सप्टेंबरात, जेथ्रो लार्टर नावाचा एकोणीस वर्षांचा पोरगा फ्रान्सला जाण्याआधीच्या शेवटच्या रजेवर घरी आला. पहाटेच्या गाडीसाठी धुक्यात निघाला, आणि पलटणीत पोहोचलाच नाही. गावाच्या स्मारकाच्या दगडावर युद्धात गेलेल्या एक्केचाळीस जणांची नावं आहेत. त्यात त्याचं नाही, कारण पळपुट्याचं नाव कोण कोरतो? त्याची बहीण केझिया सत्त्याऐंशीची होऊन त्याच घरात बसली होती. यंदा दगडाची अक्षरं नव्याने कोरायची ठरली तेव्हा तिच्या सहीचा अर्ज आला, की भावाचं नाव घाला. समितीचा निकाल शनिवारी अकरा वाजता होता आणि पाथरवट सोमवारी येणार होता. पुन्हा अक्षरं कोरायची वेळ येईल तेव्हा केझिया नसणार, हे कुणी बोलून दाखवायची गरज नव्हती.

"चोराला पितळ नको होतं, हेडली," एनिडबाई म्हणाल्या. "त्याला तो नंबर वाचला जायला नको होता. आणि नंबराची गोष्ट माहीत असलेले आपण चौघंच."



२

"म्हणजे मी?" हेडली उसळला. "अहो, उद्यासाठी मी स्वतः वर्तमानपत्रवाल्याला बोलावलंय! समितीचा अध्यक्ष मी, क्लबचा सेक्रेटरी मी. पट्टी नसेल तर माझंच तोंड काळं. आणि किल्ली बघा, ही गळ्यात. आंघोळीलासुद्धा काढत नाही."

"आंघोळीचं तुमच्या मिसेसना विचारीन. नाव कोरायला तुमचं मत काय होतं?"

हेडली जरा वरमला. "माझा काका त्या दगडावर आहे, बाई. तो चिखलात मेला. त्याच्या शेजारी पळून गेलेल्याचं नाव मी कोरू देणार नाही. पण पळून गेला नसेल तर पहिला हात माझा वर जाईल. म्हणून तर मला नंबर हवा होता."

"नंबराने एवढंच कळेल की कोट जेथ्रोचा. कोट तिथे का आला ते नाही कळणार."

"न कळायला काय झालं? ऑब्रीच्या आजोबाने, म्हाताऱ्या सायलस मॅकने, तेव्हाच शपथेवर सांगितलं होतं. त्या सकाळी त्याच्या तबेल्यातून गड्याचा कोट आणि विजार चोरीला गेली. पोराने फौजेचा कोट काढला, गाडला, गड्याचे कपडे चढवले आणि बंदराकडे पसार. त्याच सायलसच्या शेतात कोटाची बटणं निघतात म्हणजे आणखी काय?"

 एनिडबाई पेटीवर वाकल्या होत्या. कुलूप शाबूत होतं, पण मागच्या बिजागऱ्यांचे स्क्रू चकचकीत दिसत होते. कुणीतरी ते काढून परत बसवले होते, आणि नीट घट्ट पिळून बसवले होते.

आत सगळ्या वस्तू कोरड्या वाळूच्या थरात मांडलेल्या होत्या. प्रत्येक वस्तूभोवती वाळू जराशी उंचावलेली होती. पट्टी उचलल्यावर तिथे तिच्या आकाराचा खळगा राहायला हवा होता.

खळगा नव्हता. वाळू ओढून भरली होती, आणि वरून तळहाताने दाबली होती. दोन ठसे स्पष्ट दिसत होते.

बाई बराच वेळ त्या ठशांकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पर्स उचलली.

"कुठे निघालात?" हेडलीने विचारलं. "चोर सापडला की काय?"

"चोर कुठे जातोय? मला आधी ज्याच्या शेतात हे निघालं तो माणूस बघायचाय."

३

ऑब्री मॅक ट्रॅक्टरखाली झोपला होता. बाहेर फक्त दोन गमबूट दिसत होते.

"पट्टी गेली," एनिडबाई बुटांना म्हणाल्या.

"चांगलं झालं," बूट म्हणाले.

"हेडली म्हणतोय तुम्हीच नेली."

आता ऑब्री बाहेर आला. पन्नाशीचा दांडगा माणूस, हातात पाना. "हेडलीला म्हणावं, माझ्या शेतातून निघालेल्या वस्तूत निम्मा वाटा माझा आहे. स्वतःचीच वस्तू चोरायला मी काय येडा आहे?"

"आजोबांची अब्रू राखायला नेली असेल."

"उलट, बाई! तो नंबर त्या पोराचा निघाला तर आजोबा खरे ठरतात. कोट इथे टाकला, कपडे चोरले, पळाला. मला तर नंबर वाचलेला हवा होता."

बोलण्यात खोट नव्हती. पण एनिडबाईंनी आयुष्यभर शिपायांची मापं घेतली होती, आणि श्वास रोखून धरलेली छाती त्यांना लगेच ओळखू यायची.

"तिथे खाण कसली होती हो?"

"चुनखडीच्या मातीची. शेतात पसरायला काढायचे पूर्वी. वीस फूट खोल, कडा सरळ. आता नुसता खोलगट कोपरा उरलाय, कडा ढासळवून आणि तळात कंबरभर माती टाकून बुजवली."

"कधी?"

ऑब्रीने पाना पुसला. दोन्ही बाजूंनी पुसला. "त्याच सालच्या पानगळीत. गाय पडली होती म्हणे आत."

"आणि कुंपण?"

"मी तेव्हा जन्मलो नव्हतो!" तो ओरडलाच. "गेल्या हिवाळ्यात मीच तिथली कंबरभर माती खरवडून गोठ्यात भरली, म्हणून ही बटणं वर आली. नसती खरवडली तर बरं झालं असतं. सोमवारी तिथे पाण्याचा चर खणायला मशीन येतंय, त्यानंतर सगळं सपाट. आणि ऐका, माझी परवानगी संपली. तुमच्यापैकी एकाचंही पाऊल आता त्या शेतात पडता कामा नये."

या मंडळींमध्ये मालकाचा शब्द म्हणजे देवाचा शब्द. परवानगीवाचून शेतात यंत्र नेणाऱ्याला क्लबात कुणी चहा विचारत नाही. एनिडबाई फाटकाकडे वळल्या तेव्हा त्यांच्याकडे पट्टी नव्हती, शेत नव्हतं आणि सोमवारनंतर ती जागाही राहणार नव्हती.

४

केझिया लार्टर खिडकीशी वाटाणे सोलत होती. हात थरथरत होते, पण एकही दाणा खाली पडत नव्हता.

"पर्सी येऊन गेला सकाळी," ती म्हणाली. "कोबी दिला आणि चहा न घेताच पळाला. माझ्या डोळ्याला डोळा भिडवेना. काय झालंय, एनिड?"

एनिडबाईंनी सगळं सांगितलं. लपवून उपयोग नव्हता. केझियाने ऐकून घेतलं, उठून घड्याळामागून एक पाकीट काढलं आणि त्यातलं पत्र पुढे केलं. छावणीतून आलेलं जेथ्रोचं शेवटचं पत्र. वरच्या कोपऱ्यात, शिस्तीत लिहिलेला नंबर. ४०६१२.

"कोटाचं मला कळत नाही," म्हातारी म्हणाली. "पण त्या सकाळी मीच त्याला पाव बांधून दिला. आई रडत होती, म्हणून मी. तेव्हा मी सोळा वर्षांची होते."

"घरचे कपडे होते त्याचे इथे?"

"होते की. सगळे खुंटीवर तसेच होते. म्हणून तर सायलस मॅकच्या तबेल्याची गोष्ट लोकांना पटली. घरातून कपडे घेतले असते तर आम्हाला कळलं असतं, म्हणून बाहेरून चोरले, असं म्हणाले."

"आणि बूट?"

केझिया पहिल्यांदाच हसली. "बूट कुठले, बाई? एकच जोड होता त्याचा. भरती झाला तेव्हा फौजेचे मिळाले, मग त्याचे जुने मला आले. पुढे चिंध्या कोंबून घालायचे मी. दूध काढायला जाताना गोठ्यातल्या पोरी हसायच्या. लग्न झालं नाही ते बहुतेक त्या बुटांमुळेच."

एनिडबाई हसल्या नाहीत. त्यांच्या डोक्यात काहीतरी हललं होतं, पण अजून हाताला लागत नव्हतं.

निघताना केझियाने त्यांचं मनगट धरलं. पकड विलक्षण घट्ट होती.

"एनिड, एक वचन दे. तो पळालेला निघाला, तर मला तसंच सांगशील. मला सांभाळून घ्यायला म्हणून काही भलतं सांगणार नाहीस."

"सांगेन," एनिडबाई म्हणाल्या, आणि बाहेर येऊन त्यांनी डोळे पुसले. एवढ्या वर्षांनी ही बाई कलंकालाही सरळ तोंड द्यायला तयार होती, आणि तिच्यासाठी काहीच हाताशी नव्हतं.

५

पर्सी थर्टल क्लबच्या हॉलमागच्या शेडमध्ये फावडी पुसत होता. त्याच्या पायाशी क्लबची भंगाराची बादली होती. यंत्रवाल्यांची रीतच आहे. शेतातून निघालेला कचरा, मग तो खिळा असो की बाटलीचं झाकण, तिथे टाकायचा नाही. खिशातून आणायचा आणि या बादलीत टाकायचा. बादली भरली की विकायची आणि त्यात चहापत्ती आणायची.

एनिडबाई उलट्या टोपलीवर बसल्या.

"पर्सी, लेका, तू चांगला चोर होणार नाहीस."

फावडं थांबलं.

"हेडलीकडे किल्ली आहे. त्याला चोरायचं असतं तर तो स्क्रू कशाला काढत बसला असता? ऑब्रीला तर नंबर वाचलेलाच हवा होता. आणि ऑब्रीने नेली असती तर खळगा तसाच राहिला असता. शेतकरी खड्डा खणतो, बुजवत नाही. पण तू पट्टी उचललीस, खळगा भरलास आणि वरून दोनदा थोपटलंस. इतक्या वर्षांची सवय. वस्तू काढली की जमीन होती तशी करायची. चोरी करतानासुद्धा तुला उघडा खड्डा टाकून जाववलं नाही."

पर्सीने तंबाखूची डबी काढली आणि उघडली. आत कापसात पट्टी होती. तेलाने थर सुटला होता. ४०६१२.

"काल रात्री वाचला," तो म्हणाला.  "दर शुक्रवारी तिच्या दारात जातो मी, एनिडबाई. नावाचा अर्जसुद्धा मीच नेला होता सहीला. मला वाटलं, म्हातारीचे शेवटचे दिवस गोड होतील. आणि मीच, माझ्याच हाताने, तिचा भाऊ पळपुटा असल्याचा पुरावा खणून काढला! बटणं अशी ओळीत, बंद केलेल्या कोटासारखी. घडी करून पुरलेला कोट. नंबर नसता तर तो कुणाचाही म्हणता आला असता. उद्या अकरा वाजता हेडली तिच्या तोंडावर ते वाचणार होता. माझ्याच्याने बघवलं नसतं."

"बाकी काय काय होतं तिथे?"

"सांगितलं की. बिल्ला, बटणं, पट्टी."

"आणि?"

"आणि काही नाही. ती शिंगराची नाल."

एनिडबाई एकदम ताठ बसल्या. "तुझ्या यंत्राची कळ कशावर असते, पर्सी?"

"लोखंड बंद. सगळ्यांचीच असते. शेतात हजार खिळे, प्रत्येकाला यंत्र ओरडायला लागलं तर माणूस वेडा होईल. एखादा मोठा, वाकडा तुकडा तेवढा फसवतो, नालेसारखा."

"ती नाल कुठेय?"

पर्सीने बादलीकडे बोट दाखवलं. एनिडबाईंनी बादली सरळ जमिनीवर उपडी केली. गंजके खिळे, झाकणं, साखळीचे तुकडे घरंगळले. गुडघ्यावर बसून त्या दोन्ही हातांनी ढीग चिवडू लागल्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं स्वतःलाच पुटपुटत होत्या.

मग त्यांच्या हाताला ती लागली. अर्धचंद्राची, गंजाने फुगलेली, तीन भोकांची लोखंडी पट्टी. त्यांनी ती आपल्या बुटाच्या टाचेला लावून धरली. बरोबर बसली.

"हजारदा पाहिलीये मी ही," त्या म्हणाल्या.  "कोणत्याही जनावराची नाल नाही ही, पर्सी. फौजेच्या बुटाच्या टाचेला ठोकतात ती नाल आहे."

६

शनिवारी सकाळी सात वाजता ऑब्री मॅक आपल्या फाटकात हात पसरून उभा होता. समोर एनिडबाई, यंत्र घेतलेला पर्सी आणि घाईत कोट उलटा घालून आलेला हेडली.

"कालच सांगितलंय," ऑब्री म्हणाला. "परवानगी नाही."

"तर मग आम्ही इथूनच परत जातो," एनिडबाई शांतपणे म्हणाल्या. "पण आधी दोन मिनिटं ऐका. तुमच्या आजोबांनी सांगितलं, कोट आणि विजार चोरीला गेली. बूट नाही. जेथ्रोकडे जगात बुटांचा एकच जोड होता, फौजेचा. पळून जाणारा पोरगा कोट टाकेल, टोपी टाकेल, पण बूट काढून बंदरापर्यंत पंधरा मैल अनवाणी जाईल का? तुम्ही गेला असता?"

ऑब्रीचे पसरलेले हात जरा खाली आले.

"इथे आम्हाला एका टाचेची नाल मिळालीये. आजोबा खरं बोलले असतील तर ती एखाद्या गड्याची, कधीतरी गळून पडलेली. त्या कोपऱ्यात दुसरं लोखंड नसेल आणि मी हॅरोथॉर्पच्या चौकात तुमची माफी मागेन. पण बूट तिथे असतील, तर तो पोरगा त्यांच्यातच आहे. सोमवारी तुमचं मशीन त्याच्यावरून जाईल, आणि हे तुम्हाला ठाऊक असताना जाईल."

ऑब्रीने वळून खाणीच्या कोपऱ्याकडे पाहिलं.  मग त्याने फाटक ढकललं.

"अर्धा तास," तो म्हणाला. "मीही येतो."

खाणीच्या कोपऱ्यात, जिथे बटणं निघाली होती तिथे, पर्सी उभा राहिला. अंगठ्याने त्याने यंत्राची कळ फिरवली. इतक्या वर्षांत कधी न फिरवलेली कळ. लोखंड चालू.

यंत्र बटणांच्या जागी गप्प होतं. पर्सी एक पाऊल पुढे गेला. गप्प. दुसरं पाऊल. हेडलीने घड्याळ पाहिलं. तिसऱ्या पावलाला, चढाच्या बाजूला, यंत्र असं करकरलं की सगळे दचकले. पर्सीने ते हळूहळू फिरवलं. करकर एका जागी थांबली, मग हातभर बाजूला पुन्हा सुरू झाली. दोन ठिकाणी. फक्त दोन.

त्याने गुडघे टेकले आणि फावडं बाजूला ठेवून खुरपं घेतलं. वीतभर माती निघाली. मग काळं, कुजकं चामडं, आणि त्यात रांगेने रुतलेले खिळ्यांचे माथे, बुटाच्या तळव्याच्या आकारात. पंजा खाली, टाच वर. टाचेवर नाल नव्हती, तीन भोकं मात्र होती.

"बूट वर आणि कोट खाली," एनिडबाई म्हणाल्या. "घडी करून पुरलेले कपडे असे नसतात. हा माणूस डोक्यावर पडलाय. धुकं होतं. गाडी चुकू नये म्हणून त्याने शेतातून जवळची वाट धरली, आणि कडेला कुंपण नव्हतं. कोटाची सगळी बटणं लावलेली, टोपीला बिल्ला, बटणं घासायची पट्टी खिशात. पळणारा माणूस बटणं कशाला चमकवेल? तो हजेरीला निघाला होता."

पर्सीने चामड्याची कड बोटाने जरा उचलली. आत, चुनखडीच्या मातीने सांभाळलेलं, पांढरं हाड होतं. त्याने हात मागे घेतला.

"आता पुढे नाही," एनिडबाई म्हणाल्या. त्यांनी डोक्याचा रुमाल सोडून त्या जागेवर पसरला. "हेडली, पोलिसाला फोन करा. आणि मग समितीकडे जा."

ऑब्री मॅकने टोपी काढली होती. "आजोबाने त्याच पानगळीत खाण बुजवली," तो कुणाकडेच न बघता म्हणाला. "तबेल्यातले कपडे… मुळात गेले तरी होते का, बाई?"

"ते तुमच्या आजोबांबरोबर गेलं. आज फाटक तुम्ही उघडलंत, तेवढं पुरे."

७

साडेअकरा वाजता तिघं केझियाच्या स्वयंपाकघरात उभे होते. हेडलीने टाय लावला होता. समितीचा ठराव त्याने मोठ्याने, एकाही अक्षरावर न अडखळता वाचला. बेचाळिसावं नाव, जेथ्रो लार्टर, एकमताने. वर्तमानपत्रवाला बाहेर थांबला होता.

पर्सीने पट्टी टेबलावर ठेवली. "मी चोरली होती, मिस लार्टर. मला वाटलं, ती तुमचं मन मोडेल. मला माफ करा. तो पळाला नव्हता. त्याच सकाळी धुक्यात खाणीत पडला होता, एक मिनिटही पळाला नव्हता."

केझियाने पट्टी उचलली. नंबरावरून बोट फिरवलं. मग पट्टी मुठीत घट्ट धरली.

"आईला फार आनंद झाला असता," ती म्हणाली. "ती मरेपर्यंत म्हणायची, माझा पोरगा पळणारा नाही."

"तुम्हाला नाही झाला?" पर्सीने घाबरत विचारलं.

"मला?" म्हातारीने वर पाहिलं. डोळे कोरडे होते. "मी एकाहत्तर वर्षं रोज देवाला म्हणत आले, पळालेला असू दे. कॅनडात असू दे. टक्कल पडू दे त्याला, पोट सुटू दे. भांडकुदळ बायको मिळू दे, पण मिळू दे. लोक रस्त्यात मला पळपुट्याची बहीण म्हणायचे ना, तेव्हा मला बरं वाटायचं रे. म्हणजे निदान त्यांनाही वाटतंय तो कुठेतरी आहे."

एनिडबाईंना मनगटावरची ती घट्ट पकड आठवली, आणि आपण काल तिचा अर्थ किती उलटा लावला हे कळलं.

"अर्जावर सही का केलीत मग?" हेडलीने हळूच विचारलं.

"पर्सीने इतक्या हौसेने आणला होता. नाही कसं म्हणू?" तिने पर्सीच्या गालावर हात ठेवला. "वाईट वाटून घेऊ नकोस, पोरा. तू बरोबरच चोरली होतीस. आणि एनिडनेही बरोबरच केलं. मी वचन घेतलं होतं, तिने पाळलं. कोरा नाव. त्याला त्याचा मान मिळू दे."

ती उठली, टेबलाचा आधार घेत मागच्या दारापाशी गेली आणि त्यावर हात टेकून उभी राहिली. साधं लाकडी दार होतं, नुसत्या खिटीवर लोटलेलं.

"याला कधी कडी लावली नाही आम्ही," ती म्हणाली. "आई म्हणायची, चोर आले तर येऊ देत. मीही कधी लावली नाही. रात्रीबेरात्री आला असता तर त्याला ठोठावायला लागू नये म्हणून." ती जरा थांबली. "सोमवारी ये, पर्सी. चांगली मजबूत कडी आण आणि बसवून दे. हिवाळ्यात फार वारा येतो इथून."